जमखंडीची नारिंगी रेघ

(न्यासाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



आपल्या व्याख्यानमालेत आतापर्यंत संतवाङ्मय झाले, सहकार झाला, आहारशास्त्रही झाले. शेवटचे पुष्प विज्ञानाचे असावे, आणि ते वसतिगृहातील मुलांना व त्यांच्या आजोबांना एकाच बैठकीत समजावे, अशी अट चिटणिसांनी आम्हांस घातली. अट कठीण खरी. पण विषय निवडण्याची मोकळीक मिळाली, म्हणून आम्ही अणूतील इलेक्ट्रॉनचा विषय घेतला. त्याला एक निमित्तही घडले. 'क्वांटम' हा शब्द अलीकडे बाजारात फार स्वस्त झाला आहे. क्वांटमचे कडे, क्वांटमचे पाणी, क्वांटमचा उपचार! आपल्यातल्याच दोनतीन वडीलधाऱ्या मंडळींनी आम्हांस विचारले, की ह्यावर पैसे घालावे काय? "घालू नयेत" एवढेच उत्तर आम्ही त्या वेळी दिले. त्या उत्तराचे कारण मात्र उभ्या उभ्या सांगण्यासारखे नव्हते. ते आज सांगतो. त्यासाठी बेळगावाहून फार लांब जावयास नको. जमखंडीपर्यंत गेले तरी सुरुवात होते.

१८६८ साली जमखंडी हे पटवर्धनांचे संस्थान होते. त्या वर्षी १८ ऑगस्टला खग्रास सूर्यग्रहण होते. त्याची छाया पश्चिम किनाऱ्यावरून दक्षिण महाराष्ट्र ओलांडून पूर्वेस गुंटूर व मच्छलीपट्टणकडे जावयाची होती. लंडनच्या रॉयल सोसायटीने दुर्बीण व वर्णपटदर्शक पाठवून लेफ्टनंट जॉन हर्शेल ह्यांच्याकडे निरीक्षणाचे काम सोपविले आणि त्यांनी जमखंडीस तळ दिला. हे हर्शेल म्हणजे युरेनस शोधून काढणाऱ्या विल्यम हर्शेल ह्यांचे नातू. येथे मोजणी खात्यात अधिकारी होते. ऑगस्ट महिना म्हणजे पावसाळ्याचे दिवस. ढग येत होते, जात होते. सूर्य पुरता झाकला जाण्याची मिनिटे पाचाच्या आसपास, आणि त्यांतलीही काही ढगांनी खाल्ली. तरी एका उघडिपीत सूर्याच्या कडेबाहेर उसळलेली एक ज्वाला त्यांच्या यंत्राच्या फटीवर आली. त्यांना तीन रेघा दिसल्या: एक तांबडी, एक नारिंगी, एक निळी. बाकी सगळा काळोख.

ह्या तीन रेघांचे महत्त्व कळण्यासाठी रेघ म्हणजे काय ते पाहिले पाहिजे. लोलकातून सूर्यप्रकाश नेला की सप्तरंगी पट्टा पडतो, हे न्यूटनपासून माहीत आहे. वर्णपटदर्शकात प्रकाश आधी एका बारीक फटीतून येतो. प्रकाशात जेवढे शुद्ध रंग असतील तेवढ्या त्या फटीच्या प्रतिमा शेजारी शेजारी पडतात. दिव्याच्या तापलेल्या तारेच्या प्रकाशात सगळेच रंग असल्याने प्रतिमा एकमेकींना चिकटून अखंड पट्टा होतो. पण विरळ वायू तापून प्रकाशू लागला, तर त्यात मोजकेच रंग असतात. म्हणून मोजक्याच रेघा, आणि मधे काळोख. तोच वायू थंड असून पाठीमागून प्रखर प्रकाश येत असेल, तर ज्या रंगाच्या रेघा त्याने दिल्या असत्या नेमके तेच रंग तो गिळतो, आणि पट्ट्यावर काळ्या रेघा उमटतात. म्युनिकचे फ्राउनहोफर ह्यांनी १८१४ मध्ये सूर्याच्या पट्ट्यावर अशा पाचशेहून अधिक काळ्या रेघा मोजल्या आणि ठळक रेघांना रोमन अक्षरांची नावे दिली. त्यांतली पिवळ्या रंगातली जोडी म्हणजे 'डी'.

ही डी आपल्या घरातल्या भगिनींच्या चांगल्या ओळखीची आहे, नाव ठाऊक नसले तरी. मीठ घातलेले वरण उतू जाऊन शेगडीवर सांडले की गॅसची निळी ज्योत भडक पिवळी होते. मिठातल्या सोडियमचा तो रंग. हायडेलबर्गचे किर्खोफ आणि बुन्सेन ह्यांनी १८५९ मध्ये हे पक्के केले, की प्रत्येक मूलद्रव्याच्या रेघा त्याच्या स्वतःच्या, दुसऱ्या कोणाच्या नव्हेत. पुढच्याच वर्षी बुन्सेन ह्यांना एका झऱ्याच्या पाण्यात अनोळखी निळ्या रेघा दिसल्या. त्यांनी चाळीस टनांहून अधिक पाणी आटविले आणि हाती आलेल्या काही ग्रॅम क्षारातून सीझियम हे नवे मूलद्रव्य जगापुढे ठेविले. ऑगस्ट कोंत ह्या फ्रेंच तत्त्वज्ञाने १८३५ साली लिहिले होते, की तारे कशाचे बनले आहेत हे मनुष्यास कधीही कळणार नाही. बिचारे १८५७ मध्ये वारले. दोन वर्षे अधिक जगते तर आपले वाक्य खोडण्याची संधी मिळती.

आता जमखंडीस परत येऊ. तांबडी आणि निळी ह्या रेघा पुढे हायड्रोजनच्या ठरल्या. नारिंगी रेघ हर्शेल ह्यांनी डी म्हणून नोंदविली. ह्यात नवल काहीच नाही. सोडियमचा अतिसूक्ष्म कणही डी उजळण्यास पुरतो. ती रेघ जिकडेतिकडे दिसतेच. पण ह्या गृहस्थांच्या सचोटीचे आम्हांस कौतुक वाटते ते दुसऱ्या कारणाने. ही रेघ डीच होय, असे लिहिताना त्यांनी एक पुस्ती जोडली, की अशी ओळख पटविण्याची आपल्या यंत्राची जेवढी शक्ती तेवढ्यापुरतेच हे विधान समजावे. किती शब्द! पण ते नसते तर विधान खोटे ठरते.

कारण ती डी नव्हती. प्रकाशाच्या लहरींची लांबी नॅनोमीटरमध्ये, म्हणजे मीटरच्या शंभर कोटीव्या भागात मोजतात. डीची जोडी ५८९.० आणि ५८९.६ वर असते. सौरज्वालेतली रेघ होती ५८७.६ वर. ग्रहण संपल्यावर दोन महिन्यांनी, २० ऑक्टोबर १८६८ रोजी, नॉर्मन लॉकियर ह्यांनी इंग्लंडात, ग्रहण नसताना, सौरज्वालेचा वर्णपट पाहिला. घाईची पाच मिनिटे नव्हती. रेघ निवांतपणे मोजता आली. ती सोडियमशी जुळेना. पृथ्वीवरच्या कुठल्याच पदार्थाशी जुळेना. शेवटी त्यांनी सूर्यावरच्या ह्या अज्ञात द्रव्यास ग्रीक सूर्यदेवावरून हेलियम म्हटले. नावाचा शेवट धातूच्या नावासारखा आहे, कारण ते वायुरूप निघेल अशी त्यांची कल्पना नव्हती. १८९५ मध्ये विल्यम रॅम्से ह्यांना एका युरेनियमयुक्त खनिजातून निघालेल्या वायूत तीच रेघ सापडली, तोवर सत्तावीस वर्षे ह्या द्रव्याचा दुसरा पुरावा काहीही नव्हता. एक रेघ, आणि शेजारच्या रेघेहून तिचे थोडेसे वेगळे स्थान, एवढ्याच भांडवलावर लॉकियर बसून राहिले होते.

हा फरक केवढा? आमच्या खजिनदारांच्या भाषेत सांगावयाचे तर शंभर रुपयांत तीस पैसे. ताळेबंदात तीस पैसे चुकत असले तर "जाऊ द्या हो" म्हणणारे पुष्कळ भेटतात. आमचे खजिनदार म्हणत नाहीत, आणि त्यापायी मार्च महिन्यात त्यांचा किती जणांना राग येतो हे ह्या सभागृहास ठाऊक आहे.

येथे थोडे विषयांतर. हेलियमचा शोध विजयदुर्गावर १८६८ साली लागला, असे आपल्याकडे पुष्कळ ठिकाणी लिहिले व बोलले जाते. लॉकियर विजयदुर्गास आले होते ही गोष्ट खरी. पण ती १८९८ च्या २२ जानेवारीच्या ग्रहणासाठी. १८६८ मध्ये ते इंग्लंडात होते. जमखंडीस हेलियमचा शोध लागला, असेही म्हणता येणार नाही. जमखंडीस ती रेघ दिसली, ओळख चुकली. आपल्या भूमीवरून सूर्यातले एक अज्ञात द्रव्य पाहिले गेले, एवढा मान खरा आहे आणि थोडका नाही. त्यावर खोटे कलम करून लावण्याची गरज आम्हांस तरी वाटत नाही.

असो. रेघांवरून द्रव्य ओळखता येते, हे झाले. पण अणूला रेघा असाव्यातच का? हायड्रोजनने ठराविक चार रंग द्यावेत आणि मधले रंग देऊ नयेत, ह्याचे कारण एकोणिसाव्या शतकात कोणासही सांगता येत नव्हते. ह्या कोड्याचा पहिला धागा एका शाळामास्तराच्या हाती लागला, ह्याचा आम्हां शिक्षकमंडळींना विशेष आनंद वाटतो. स्वित्झर्लंडमधील बाझेल गावी मुलींच्या शाळेत योहान बाल्मर नावाचे गणिताचे शिक्षक होते. वय साठीच्या घरात. हायड्रोजनच्या चार रेघांची मापे त्यांनी समोर ठेविली: ६५६.३, ४८६.१, ४३४.० आणि ४१०.२. १८८५ मध्ये त्यांनी दाखविले, की ३६४.५६ ह्या एकाच संख्येस अनुक्रमे ९/५, ४/३, २५/२१ आणि ९/८ ह्या अपूर्णांकांनी गुणिले, की चारही मापे येतात. वसतिगृहातील मुलांनी आज रात्री हा गुणाकार करून पाहावा. आणि ह्या अपूर्णांकांत एक खुबी आहे. ४/३ चे १६/१२ करा, ९/८ चे ३६/३२ करा. म्हणजे अंशस्थानी ९, १६, २५, ३६ असे तीन, चार, पाच, सहा ह्यांचे वर्ग येतात आणि छेदस्थानी त्यांतून प्रत्येकी चार वजा केलेले. मग सातचा वर्ग घेतला तर? पाचवी रेघ ३९७ च्या आसपास यावयास हवी. बाल्मरना ती ठाऊक नव्हती. बाझेलच्या हागेनबाख ह्या प्राध्यापकांनी त्यांना सांगितले, की ती रेघ ताऱ्यांच्या प्रकाशात मोजली गेलेली आहे, आणि तिच्या पुढच्याही. सगळ्या सूत्रात बसल्या. सूत्र बरोबर होते. का बरोबर होते ते बाल्मरना कळले नव्हते, आणि १८९८ मध्ये ते वारले तोवर कोणासच कळले नव्हते.

उलट पुढे कोडे अधिकच बिकट झाले. १९११ मध्ये रदरफर्ड ह्यांनी दाखविले, की अणूचे जवळजवळ सगळे वजन मधल्या इवल्याशा केंद्रात असते आणि इलेक्ट्रॉन त्याच्या बाहेर. ग्रहमालेसारखे हे चित्र शाळेच्या पुस्तकांत अजून असते, मुलांना आवडतेही. पण त्या काळच्या मान्य नियमांनी ते उभेच राहात नाही. फिरणारा इलेक्ट्रॉन सतत प्रकाश टाकणार, त्याची शक्ती सतत खर्च होणार आणि तो गरगरत केंद्रात जाऊन पडणार. त्याला वेळ किती लागेल? सेकंदाचे दहा हजार कोटी भाग केले तर त्यांतले एकदोन भाग! म्हणजे नियम खरे मानले, तर हा खांब, ही खुर्ची, हे व्याख्याते आणि हे श्रोते, कोणीच असावयास नको. रेघांचे कोडे आणि आपण उभे कसे आहोत हे कोडे, दोन्ही एकच निघाली.

डेन्मार्कच्या नील्स बोर ह्यांनी १९१३ मध्ये जे मांडले ते आपण विहिरीच्या दृष्टांताने पाहू. इलेक्ट्रॉन केंद्राशी बांधलेला आहे म्हणजे जणू विहिरीत उतरलेला आहे. विहिरीला पायऱ्या आहेत, आणि इलेक्ट्रॉन पायरीवरच उभा राहू शकतो, दोन पायऱ्यांच्या मधे नाही. हायड्रोजनच्या विहिरीची सर्वांत खालची पायरी काठापासून १३.६ माप खोल. तिच्या वरची ३.४, मग १.५१, मग ०.८५. ह्या मापाचे नाव इलेक्ट्रॉन-व्होल्ट. पण नावाचे काम नाही. १३.६ ला एक, दोन, तीन, चार ह्यांच्या वर्गांनी भागले की ही खोली मिळते. तळाशी पायऱ्यांची उंची फार, वर येताना कमी कमी. इलेक्ट्रॉन वरच्या पायरीवरून खालच्या पायरीवर आला, की दोहोंतल्या अंतराएवढी शक्ती प्रकाशाच्या एका पुंजक्याच्या रूपाने बाहेर पडते. क्वांटम म्हणजे हा पुंजका. तिसरीवरून दुसरीवर आला तर १.८९ माप, म्हणजे तांबडा रंग, ६५६. चौथीवरून दुसरीवर आला तर २.५५, म्हणजे निळसर, ४८६. जमखंडीस दिसलेल्या तांबड्या आणि निळ्या रेघा ह्याच. बाल्मर ह्यांच्या सूत्रात सगळीकडे जो चार वजा होत होता, तो दुसऱ्या पायरीचा दोनाचा वर्ग! आणि सर्वांत खालच्या पायरीच्या खाली पायरीच नाही. म्हणून इलेक्ट्रॉन केंद्रात पडत नाही.

आता ह्या कथेतला आमचा सर्वांत आवडता भाग सांगतो. काही ताऱ्यांच्या प्रकाशात हायड्रोजनसारख्याच, पण हायड्रोजनच्या यादीत नीट न बसणाऱ्या रेघा दिसत असत. बोर म्हणाले, ह्या हायड्रोजनच्या नव्हेतच. दोन इलेक्ट्रॉनांपैकी एक गमावलेल्या हेलियमच्या आहेत. त्याच्या केंद्राचा भार दुप्पट, म्हणून त्याची विहीर चौपट खोल. लंडनच्या आल्फ्रेड फाउलर ह्यांनी ह्या रेघा प्रयोगशाळेत मोजल्या होत्या. त्यांनी आक्षेप घेतला: आमच्या मोजमापाप्रमाणे विहीर चौपट नाही, ४.००१६ पट आहे. शंभर रुपयांत चार पैसे! हर्शेल ह्यांच्या नारिंगी रेघेतल्या चुकीहून हा फरक सातपट लहान. दुसरा कोणी असता तर मोजणाऱ्याच्या हातावर दोष ढकलून मोकळा झाला असता. बोर ह्यांनी हिशेब पुन्हा मांडला. गोफण फिरविणाऱ्याचा हातही थोडा फिरतोच. तसे केंद्रही अगदी स्थिर नसते, इलेक्ट्रॉनच्या ओढीने किंचित हलते. हेलियमचे केंद्र हायड्रोजनच्या केंद्राच्या चौपट जड, म्हणून ते कमी हलते. एवढा फेर हिशेबात घेताच उत्तर आले ४.००१६३. चार पैसे बरोबर जुळले. फाउलर ह्यांनीही ते मान्य केले. नव्या मतावर विद्वानांचा विश्वास बसण्यास ह्या चार पैशांनी मोठाच हातभार लाविला.

तरी बोर ह्यांचे मत अपुरे होते. पायऱ्या आहेत, हे त्यांनी सांगितले. का आहेत, हे सांगितले नव्हते. आणि दोन्ही इलेक्ट्रॉन जागेवर असलेल्या साध्या हेलियमपाशी तर त्यांचे गणित पार अडले. जमखंडीची नारिंगी रेघ अजून कोणास समजलेली नव्हती.

पुढची वाट फ्रान्सच्या लुई द ब्रॉय्ली ह्यांनी १९२४ मध्ये दाखविली: इलेक्ट्रॉन हा तरंगासारखाही वागतो. १९२७ मध्ये प्रयोगांनी ते सिद्ध झाले. त्यांतले एक प्रयोगकर्ते जॉर्ज थॉमसन. इलेक्ट्रॉन हा कण आहे हे १८९७ मध्ये दाखविणारे जे. जे. थॉमसन हे त्यांचे वडील. वडिलांनी कण दाखविला, मुलाने तरंग दाखविला, दोघांसही नोबेल पारितोषिक मिळाले, आणि दोघेही बरोबर होते. पितापुत्रांच्या मतभेदाचा एवढा गोड शेवट क्वचितच होत असेल.

तरंग म्हटला की पायऱ्या आपोआप येतात. मिरजेचा तंबोरा घ्या. तार दोन्ही टोकांस बांधलेली असते. ती सबंध एका फुगवट्याने कापेल, दोन फुगवट्यांनी कापेल, तीन फुगवट्यांनी कापेल; अडीच फुगवट्यांनी कापू शकत नाही. म्हणून तारेतून मोजकेच स्वर निघतात. केंद्राने बांधून ठेविलेल्या इलेक्ट्रॉनच्या तरंगाचेही तसेच. फक्त तो तारेसारखा एका रेषेत नसून सर्व बाजूंनी पसरलेला आहे. त्याला एकाहून कमी फुगवटा असूच शकत नाही, हीच तळाची पायरी. १९२५ व १९२६ ह्या दोन वर्षांत हायझेनबर्ग आणि श्रोडिंगर ह्यांनी आपापल्या रीतीने ह्याचे पुरे गणित मांडले. माक्स बोर्न ह्यांनी सांगितले, की इलेक्ट्रॉन नेमका अमुक जागी आहे असे गणित सांगत नाही, कुठे सापडण्याचा किती संभव आहे तेवढेच सांगते. ह्यावर आजही वाद घालणारे आहेत. आम्ही त्यात आज पडत नाही. एक लक्षात ठेवावे: स्थान संभवाचे, पण पायऱ्यांची मापे अगदी नेमकी. अनिश्चितता म्हणजे अंदाधुंदी नव्हे.

आणि डी रेघ एक नसून जोडी का? ५८९.० आणि ५८९.६, शंभर रुपयांत दहा पैशांचा फरक. १९२५ मध्ये उलेनबेक आणि गाउडस्मिट ह्या दोन तरुण डच संशोधकांनी सुचविले, की इलेक्ट्रॉनला स्वतःची एक गिरकी असते आणि तिचे प्रकार दोनच. गिरकी म्हटली तरी भोवरा डोळ्यांपुढे आणू नये. भोवऱ्याचा वेग कमी करता येतो, हिचा येत नाही. सोडियममध्ये ह्या गिरकीमुळे एका पायरीचे दोन बारीक थर होतात, म्हणून रेघा दोन. सांडलेल्या वरणाच्या त्या पिवळ्या ज्योतीत ही जोडी दर वेळी असते.

हेलियमच्या रेघांत तर दोन स्वतंत्र कुळे दिसत. रेघांवर रेघा मोजणारे रुंगे आणि पाशेन ह्यांना १८९५ मध्ये वाटले, की हे दोन वायूंचे मिश्रणच असावे. १९२६ मध्ये हायझेनबर्ग ह्यांनी उलगडा केला. हेलियमचे दोन इलेक्ट्रॉन एकमेकांपासून ओळखू येण्यासारखे नाहीत. हा डावा, हा उजवा, असे त्यांना म्हणताच येत नाही. दोघांची अदलाबदल केली तरी अणू तोच. ह्या एका गोष्टीतून, दोघांच्या गिरक्या समांतर की विरुद्ध, ह्याप्रमाणे पायऱ्यांचे दोन वेगळे संच पडतात. ५८७.६ ची नारिंगी रेघ समांतर गिरक्यांच्या कुळातली. जमखंडीच्या उघडिपीपासून ह्या उत्तरापर्यंत अठ्ठावन्न वर्षे लागली.

आता त्या कड्याच्या व पाण्याच्या प्रश्नाकडे वळतो. क्वांटम विद्या गूढ आहे, सामान्य बुद्धीला न पटणाऱ्या गोष्टी तीत घडतात, तेव्हा आमचे कडेही का नसेल चालत, असा विक्रेत्याचा एकंदर युक्तिवाद असतो. आम्ही आतापर्यंत जे सांगितले त्यात ह्या विद्येला मान कशामुळे मिळाला? गूढपणामुळे नाही, चार पैसे जुळल्यामुळे. म्हणून विक्रेत्यास एकच विचारावे: तुमच्या ह्या वस्तूत कोणती राशी मोजावयाची, ती आधी किती यावयास हवी होती, आणि मोजल्यावर किती आली? आकडा मिळाला तर आम्हांस अवश्य कळवावे. कोणी आपल्या पूर्वजांच्या ग्रंथांत हे सगळे होतेच असे म्हणत असेल, तर त्यालाही हाच प्रश्न आदराने करावा. आजार असेल तर पैसे डॉक्टरकडे आणि औषधाकडेच जावेत. ह्यात आम्हांस विनोद करवत नाही, कारण औषध थांबवून असल्या पाण्यावर राहिलेली माणसे आम्ही पाहिली आहेत.

ही जुळवाजुळव पुढे कुठवर गेली त्याचे एकच उदाहरण देतो. १९२८ मध्ये डिरॅक ह्यांनी जो सिद्धान्त मांडला, त्याप्रमाणे हायड्रोजनच्या दुसऱ्या पायरीवरच्या दोन स्थिती अगदी एका पातळीवर यावयास हव्यात. १९४७ मध्ये अमेरिकेत विलिस लँब आणि रॉबर्ट रेदरफोर्ड ह्यांनी, युद्धकाळात रडारसाठी विकसित झालेल्या सूक्ष्मलहरींनी मोजले, तेव्हा त्या पातळ्यांत किंचित अंतर निघाले. तांबड्या रेघेच्या मानाने ते केवढे? लाख रुपयांत तेवीस पैसे! डिरॅक ह्यांचा थोर सिद्धान्त ह्या तेवीस पैशांनी अपुरा ठरविला. रिकामी म्हणतात ती पोकळीही पुरती शांत नसते आणि तिची चुळबूळ इलेक्ट्रॉनला जाणवते, हे ह्यातून मान्य करावे लागले. हान्स बेथे ह्यांनी हा हिशेब प्रथम केला तो न्यूयॉर्कहून जाताना आगगाडीत बसून.

शेवटी एक रेघ, जिने माणसांना फसविले. जमखंडीच्या ग्रहणानंतर एका वर्षाने, ७ ऑगस्ट १८६९ रोजी अमेरिकेत ग्रहण दिसले. तेथील निरीक्षकांना सूर्याच्या प्रभामंडळात ५३०.३ वर एक हिरवी रेघ दिसली. तीही पृथ्वीवरच्या कशाशी जुळेना. पुढे लोकांनी हेलियमचाच धडा गिरविला: अनोळखी रेघ, म्हणजे नवे द्रव्य. त्याचे नावही ठरविले, कोरोनियम. सत्तर वर्षे ते नाव पुस्तकांत राहिले. १९३९ च्या सुमारास ग्रोट्रियान आणि एडलेन ह्यांनी शोधून काढले, की हे नवे द्रव्य मुळीच नव्हे, आपले लोखंड आहे. सव्वीस इलेक्ट्रॉनांपैकी तेरा गमावलेले लोखंड. एवढे इलेक्ट्रॉन उडण्यास दहा-वीस लाख अंश उष्णता हवी, आणि सूर्याचा दिसणारा पृष्ठभाग तर सहा हजार अंशांच्याही आत. आगीपासून दूर जावे तसे ऊन वाढत जावे, असा हा प्रकार. ते प्रभामंडळ इतके तापते कसे, ह्याचे पुरे उत्तर अजून मिळालेले नाही.

त्यासाठीच आपल्या देशाने २ सप्टेंबर २०२३ रोजी श्रीहरिकोट्याहून आदित्य हे यान सोडले. ६ जानेवारी २०२४ ला ते पृथ्वीपासून पंधरा लाख किलोमीटरवरच्या आपल्या जागी पोहोचले. त्यावर बंगळूरच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेने बनविलेले एक यंत्र आहे. ते सूर्यबिंब तबकडीने झाकून कृत्रिम ग्रहण घडविते आणि प्रभामंडळाच्या रेघा पाहते. त्याला नेमून दिलेल्या रेघांत ही ५३०.३ ची हिरवी रेघ आहे. तेथे पाच मिनिटांची घाई नाही आणि ऑगस्टचे ढगही नाहीत.

आमचे बोलणे येथे संपले. बाहेरच्या ओवरीत दोन दिवे मांडले आहेत, एक सोडियमचा आणि एक हेलियमच्या नळीचा, आणि मधे वर्णपटदर्शक. आधी मुलांनी पाहावे, मग मोठ्यांनी. दोन्ही रेघांच्या मधे जागा किती दिसते ते प्रत्येकाने स्वतःच्या डोळ्यांनी पाहून घ्यावे, आणि नळीला हात लावू नये. ती मागून आणलेली आहे.